आरसी तीन

गुरुवारची रात्र, फहाहील.
खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत,
गळक्या एसीखाली बादली,
आणि माझ्या मांडीवर एक लायब्ररी,
जिला पुस्तकं ठाऊक नाहीत,
फक्त अक्षरं एकमेकांना कशी धरतात
तेवढंच ठाऊक.

आवृत्ती शून्य पूर्णांक नऊ, आरसी तीन.
आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट,
उभा राहिलेला, अजून निवडून न आलेला उमेदवार.
आधीच्या दोघांची अनामत जप्त झाली:
एक अरबी समोर आली की अडखळायचा,
दुसरा लिनक्सवर बोलका, विंडोजवर मुका.
आरसी म्हणजे आरसासुद्धा,
पण तो अर्थ आमच्या चमूत मला एकट्यालाच येतो.

दिवसा मी शुऐबाच्या गोदामात व्हॉल्व्ह मोजतो.
पॅकिंग लिस्टवर बारा, खोक्यात अकरा,
तर बाराव्याचा जाब मला.
रात्री हे. याचे पैसे नाहीत.
घरून विचारतात, मग कशाला?
मी म्हणतो, बाकीचे पत्ते खेळतात ना, तसं.
खरं कारण एक र आहे.

डोक्यावर चढला तर रफार,
आडवा निजला तर भुवईएवढी रेघ.
दर्या म्हणजे हा समोरचा,
कोमट, खारट, टँकरांनी अडवलेला.
दऱ्या म्हणजे पाटणच्या मागच्या,
जिथे मारलेली हाक
परत यायला वेळ घेते.
बरीच यंत्रं दोन्हींना एकच समजतात.
त्यांचा दोष नाही,
त्यांना कुणी सांगितलंच नाही.

साडेबाराला चाचण्या लावल्या.
दोन हजार तीनशे अकरा.
हिरव्या ओळी सरसर खाली,
लाल एकही नाही.
वरच्या मजल्यावरून थारिंदूने अंगठा पाठवला.
कौनासहून युर्गिताने लिहिलं
(उन्हाळ्यात आमची घड्याळं एकच वेळ दाखवतात):
इकडेही हिरवं. बांध आता.

बांधलं.
वर परवाना: जसं आहे तसं घ्या, हमी कसलीही नाही.
खाली बदलांची यादी, त्याखाली कोड,
शेवटी चौसष्ट अक्षरांचा ठसा,
आत एक स्वल्पविराम हलला
तरी अख्खा बदलणारा.

दोनला सत्तारभाई परकार
रात्रपाळीच्या मेसमधून आले,
अंगाला लसणाचा वास, हातात कालवणाचा डबा.
त्यांच्या नव्या कोऱ्या फोनवर मी गाठोडं सोडलं,
म्हटलं, वाचा.
त्यांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला.
"आचार्यांना मीठ कमी पडले."
मग खो खो हसले.
"अरे, मी दापोलीचा आचारी.
आचार्य कधी केलंस मला?"

मी हसलो नाही.
त्या आडव्या र ची फाइल, जेमतेम चार केबी,
माझ्या मशीनवर होती, गाठोड्यात नव्हती.
चाचण्या घरात बसून
घरातल्याच वस्तू मोजत होत्या.
वगळायच्या यादीत तिचं नाव सापडलं.
कुणी घातलं? इतिहास उलगडला.
मीच.
रमजानातली एक रात्र, तीन वाजून चार मिनिटं,
शेरा: फालतू फायली काढल्या.

युर्गिताला लिहिलं, थांब, सोडू नकोस, चूक माझी.
तिचं उत्तर:
मला दोन्ही शब्द सारखेच दिसतात. पण थांबते.

एक ओळ खोडली.
एक चाचणी वाढवली, जी रिकाम्या जागी जाऊन
गाठोडं उघडते आणि हेच वाक्य वाचते.
तिला नाव दिलं, परकार.
आकडा झाला दोन हजार तीनशे बारा.
तो बारावा मिळाल्यावर मला जरा बरं वाटलं.

आरसी चार बांधेपर्यंत फजरची अजान झाली.
सत्तारभाई वजू करून उभे,
ओल्या बोटाने फोन नीट उघडेना.
"आचाऱ्यांना... हां. आता मी."
दारात थांबले,
डब्याकडे मान करून म्हणाले,
"आणि ते मीठ खरंच कमी आहे का?
चाखून सांग."